आठ दिवस चालवून बघू

वाटण्या सकाळी साडेनऊला सुरू झाल्या आणि दहा वाजून पाच मिनिटांनी घरात वाटण्यासारखं काही उरलं नाही. इतक्या झटपट वाटण्या आजवर कुठल्या घरात झाल्या नसतील. भांडण मात्र दुपारी चारपर्यंत पुरलं.

खाली दुकान, वर तीन खोल्या आणि मागे एक लांबट गॅलरी, एवढाच मिस्त्रींचा पसारा. पंचावन्न वर्षं ते त्या दुकानात बसून लोकांच्या इस्त्र्या, पंखे, रेडिओ दुरुस्त करत आले. मिस्त्री नुसते खाकरले तरी बंद पंखा फिरायला लागतो, असं लोक म्हणायचे. यात अतिशयोक्ती होती. दोनदा खाकरावं लागायचं. पण तीन महिन्यांपूर्वी ते दुकानातल्या स्टुलावरून पडले, उजव्या हाताला जो कंप सुटला तो थांबेना, आणि थोरल्या मुलाने ठरवलं की आता पुरे.

थोरला लिफ्टच्या कंपनीत तपासनीस. आयुष्य दोर तपासण्यात गेलेलं, त्यामुळे घरात कुणी शिंकलं तरी तो आधी छताकडे बघायचा. त्याचा बेत साधा होता. अण्णांनी, म्हणजे मिस्त्रींनी, त्याच्याकडे येऊन राहावं, दुकानाला कुलूप लावावं, वरचं सामान तिघांनी वाटून घ्यावं. धाकट्याला हा बेत एकदम पसंत पडला, कारण त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला रस्त्यालगतचं ऑफिस हवं होतं. धाकट्याला लहानपणापासून फ्यूज म्हणतात. कारण जरा तापला की लगेच उडतो.

राहिली मधली. तिचं नाव पक्कड, कारण एकदा धरलं की सोडत नाही. एकतीस वर्षं ती त्याच दुकानात मिस्त्रींच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. लग्न करून गेली होती, पण अडीच महिन्यांत बॅग घेऊन परत आली. मिस्त्रींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता विचारलं, "तक्रार काय?" ती म्हणाली, "आवाज करतो." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. त्या विषयावर बापलेकींचं एवढंच बोलणं झालं.

तर आज वाटण्या आहेत, हे पक्कडला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकीच्यांना फोन गेले. ती घरातच असते, तिला काय सांगायचं! थोरला, थोरली वहिनी आणि फ्यूज जिना चढून वर आले, तेव्हा ती गॅलरीत उकिडवी बसून सहा चाळण्यांतली बटणं पंच्यांवर पसरत होती.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीतून सहा कीबोर्ड आले होते. कुणाची बटणं चिकटत होती, कुणाची दाबली की वर यायला तयार नव्हती, एकावर कुणीतरी अख्खा कप चहा ओतला होता. पक्कडने वाकवलेल्या तारेने एकेक बटण उचकटून काढलं होतं, प्रत्येक कीबोर्डची बटणं वेगळ्या चाळणीत घालून कोमट साबणपाण्यात धुतली होती, आणि आता सहा पंच्यांवर सहा ढीग वाळत होते. एका कीबोर्डची एकशे चार बटणं. कचेरीचा शिपाई चार वाजता यायचा होता, कारण उद्या सकाळी लोक रांगेत उभे राहणार होते.

"पक्कड, ते आवर आणि आत ये," थोरला दारातून म्हणाला. "सामानाचं ठरवायचंय."

"कसलं सामान?"

"घरातलं. अण्णा आमच्याकडे यायचेत."

"आणि दुकान?"

थोरल्याने खिशातून यादी काढली आणि ती उघडण्यात त्याला नको तेवढा वेळ लागला. "दुकानाचं शेवटी बोलू."

"शेवटी म्हणजे मी हो म्हटल्यावर की कुलूप लावल्यावर?"

"ताई, उगाच सुरुवातीलाच तापू नकोस," फ्यूज म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकून आतल्या खोलीत मिस्त्रीसुद्धा खोकले.

पक्कड आत आली नाही, पण गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली. तिथून आतलं सगळं दिसत होतं आणि बटणांवर नजरही राहत होती. मिस्त्री खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर आणि उजवा खुर्चीच्या हातावर. तो आपला आपण टकटक वाजत होता.

थोरल्याने वाचायला सुरुवात केली. फ्रिज फ्यूजकडे. कपडे धुण्याचं मशीन थोरल्याकडे. मिक्सर...

"मिक्सर मला द्या बाई," वहिनी म्हणाली. "माझे तीन जळले एवढ्या वर्षांत. हा मी इतकी वर्षं बघतेय, हूं की चूं नाही." आणि घेण्याआधी तपासून घ्यावा म्हणून तिने तो उलटा केला. तिथेच घोटाळा झाला.

मिक्सरच्या बुडाला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. वहिनीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मोठ्याने वाचलं, "वकिलीणबाई. मिक्सर. आवाज करतो. आठ दिवस चालवून बघणे. बदली दिला."

"अण्णा, हे काय?"

"चिठ्ठी," मिस्त्री म्हणाले.

"ते दिसतंय. हा मिक्सर वकिलीणबाईंचा आहे?"

"लिहिलंय ना."

मिस्त्रींचा नियम सगळ्या गावाला पाठ होता. दुरुस्त केलेली वस्तू लगेच परत द्यायची नाही. दुकानाच्या टेबलावर कुठलंही यंत्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं शहाण्यासारखं वागतं. त्याचं खरं रूप घरात कळतं. म्हणून ते वर न्यायचं आणि आठ दिवस घरच्या कामाला जुंपायचं. तोवर गिऱ्हाइकाची अडचण नको, म्हणून घरातली आपली तीच वस्तू त्याला बदली द्यायची. आठ दिवसांनी अदलाबदल. यातला अदलाबदलीचा भाग तेवढा कुणी तपासून बघितला नव्हता.

"चिठ्ठीवरची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची आहे," वहिनी म्हणाली.

"आठ दिवसांनी मी गेलो होतो त्यांच्याकडे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "बाई म्हणाल्या, तुमचाच बरा चालतोय, राहू द्या. मी म्हटलं, तुमचा अजून बारीक आवाज करतोय, आणखी आठ दिवस बघतो."

"आणि?"

"अजून करतो. उजव्या कानाने ऐकलं की कळतं."

थोरल्याने यादी टेबलावर ठेवली आणि इस्त्री उलटी केली. 'शिंपी. तापत नाही. आठ दिवस. बदली दिली.' फ्यूजने रेडिओ उलटा केला. पोस्टमन. वहिनीने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. हेडमास्तर, मागे पडतं. फ्यूज मग स्टुलावर चढला आणि पंख्याच्या पात्यावरची चिठ्ठी मान वाकडी करून वाचू लागला. थोरला खालून ओरडला, "उतर आधी! या घरात स्टुलावर कुणी चढायचं नाही!"

"दंतवैद्य," फ्यूज वरूनच म्हणाला. "कुरकुरतो."

"पंखा की दंतवैद्य?" मिस्त्रींनी विचारलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी हिशेब असा झाला की एक पलंग, दोन खुर्च्या आणि मिस्त्रींचा चष्मा सोडला तर घरातली एकही वस्तू घरची नव्हती. तिघं भावंडं लहानाची मोठी झाली ती परक्यांच्या पंख्याखाली आणि परक्यांच्या दिव्यात. त्यांच्या आईने आयुष्यभर ज्या इस्त्रीवर जीव टाकला ती शिंप्याची होती, आणि जिच्यावर टाकायला हवा होता ती शिंप्याच्या घरी गेली होती.

"माझी सायकल?" फ्यूज एकदम गंभीर झाला. "लाल सायकल. ती तर माझी होती ना?"

"कंपाउंडरच्या मुलाची. चेन उतरायची तिची."

"मग माझी कुठेय?"

"त्याने चालवली. शर्यती जिंकायचा तुझ्या सायकलवर."

"म्हणजे बारा वर्षं मी दुसऱ्याच्या सायकलवरून पडत होतो?" फ्यूज मटकन खाली बसला. "अण्णा, माझ्या दोन ढोपरांचे डाग आहेत हो त्या सायकलचे!"

"डाग तुझेच आहेत," मिस्त्री म्हणाले.

वहिनीला हसू आवरेना. "आणि सासूबाईंना हे सगळं चालत होतं?"

"ती म्हणायची, या घरात चिठ्ठी न चिकटवलेला नग मीच एक."

थोरला हसला नाही. तो चिठ्ठ्या जवळ धरून बघत होता. "हे अक्षर पक्कडचं आहे."

"मग कुणाचं असणार? मला लिहायचा कंटाळा."

"आणि खाली प्रत्येक ठिकाणी लिहिलंय, 'दुरुस्ती, मिस्त्री.'"

"पाटीवर जे नाव, तेच चिठ्ठीवर," पक्कड उंबऱ्यावरून म्हणाली. "एकतीस वर्षं तसंच लिहीत आलेय."

थोरल्याने तो धागा लगेच उचलला. "तेच मी म्हणतोय. लोक अण्णांच्या नावावर येतात. अण्णा माझ्याकडे आले की पाटीला अर्थ काय? तू एकटी खाली बसणार, वजनं उचलणार, उद्या तूही पडशील. तुझी सोय बघायला नको?"

"मला सोय नकोय. मला टेबल हवंय."

"टेबल घे ना! हवं तर वर आणून देतो."

"दादा, तुला लिफ्ट दिली आणि म्हटलं की इमारत तेवढी मागू नकोस, तर चालेल?"

 अडला की थोरला कामाला लागतो. "कपड्यांचं मशीन राहिलंय," असं म्हणत तो गॅलरीत गेला. "फ्यूज, एका बाजूने धर. ते तरी आपलं असेल."

पक्कड ओरडेपर्यंत उशीर झाला होता. दोघा भावांनी मशीन तिरकं केलं, खालची चिठ्ठी वाचायला दोघेही एकाच बाजूला वाकले, आणि पाणी बाहेर सोडणारी मागची नळी निसटली. मशीनच्या पोटात सकाळचं पाणी होतं. ते भसाभस बाहेर आलं आणि सहाही पंचे वाहत वाहत मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबले. सहाशे चोवीस बटणांचा एकच ढीग झाला आणि मोरीच्या जाळीवर बसला.

 मशीनमधून उरलेलं पाणी ठिबकत होतं.

"नर्सबाई," फ्यूज हळूच म्हणाला. "गळतं." चिठ्ठी त्याच्या हातात आली होती.

पक्कड उठली, चपला काढल्या, मोरीशी गेली आणि साडीचा पदर खोचून बटणं ओंजळीने परातीत भरायला लागली. तिने कुणाला शिवी दिली नाही. त्यामुळे सगळेच घाबरले.

"अगं, एवढं काय त्यात," थोरला म्हणाला. त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली होती. "सहाही एकाच कंपनीचे ना? एकाच मापाचे. कुठलंही बटण कुठेही बसेल."

"बसेल."

"मग?"

"चपला सगळ्यांच्या एकाच मापाच्या असल्या तरी दुसऱ्याची घातली की कळतं ना तुला?" पक्कडने परातीतलं एक बटण उचललं, उजेडात तिरकं धरलं आणि अंगठा फिरवला. "हा एंटर बघ. उजव्या कडेला ओरखडे. जन्माच्या खिडकीवरच्या बाई नखाने मारतात. आणि हा दुसरा एंटर, मधोमध खड्डा. मृत्यूच्या खिडकीवरचे गृहस्थ. ते एकदाच दाबतात, पण नीट दाबतात. उद्या ह्याचा एंटर त्याला गेला, तर दोघांचीही बोटं दिवसभर अडखळतील. काय बिघडलंय ते कळणार नाही, पण कीबोर्ड परत येईल माझ्याकडे."

"हे तू सांगतेस की खरंच आहे?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, डोळे मिटा." पक्कडने तिच्या तळहातावर दोन बटणं ठेवली. वहिनीने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. वहिनीने तीस वर्षं धान्य निवडलं होतं. तिला बोटाचं सांगणं कळत होतं.

"अगोबाई," ती म्हणाली आणि तिथेच मांडी घालून बसली. "आणा परात इकडे. वन्सं, मला काय करायचं ते सांगा."

वहिनी एरवी पक्कडला ताई म्हणायची आणि टोमणा मारायचा असला की वन्सं. आज पहिल्यांदा वन्सं सरळ अर्थाने निघालं. थोरल्याने बायकोकडे बघितलं. सकाळी जिना चढताना ती त्याच्या बाजूची होती.

अकरा ते अडीच ते पाचजण जेवणाचं नाव न काढता बसले. फ्यूजने एकेक बटण केस वाळवायच्या मशीनने (न्हावी, मध्येच बंद पडतं) वाळवलं. वहिनीने जातवारी लावली, आकडे एकीकडे, अक्षरं एकीकडे. एकाच जातीची सहा बटणं पक्कडसमोर यायची, ती उजेडात धरून अंगठा फिरवायची आणि सहा घरांत वाटून टाकायची. कधी हसायची. "हे साहेबांचं. काहीच झिजलेलं नाही." दोनदा चुकली, उचलून बदललं. थोरला जागेवर बसवायचं काम करत होता. प्रत्येक बटण बसलं की टक् आवाज यायचा, आणि तो नकळत मान हलवायचा, जसा दोर तपासून झाल्यावर हलवतो.

"अण्णा, तुम्ही कधी शिकलात हे?" त्याने विचारलं.

"मी?" मिस्त्री म्हणाले. ते परातीशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. "माझे अंगठे बघ. मी आजवर एकही कीबोर्ड उघडलेला नाही. बावीस वर्षांत जो आला तो हिनेच केला. गेल्या सहा-सात वर्षांत तर मिक्सरही हीच करते. मी गिऱ्हाइकाशी बोलतो आणि खाकरतो."

थोरल्याच्या हातातलं बटण जागेवर बसायला जरा वेळ लागला.

पावणेतीनला पाच कीबोर्ड पुरे झाले आणि सहाव्याला एक भोक राहिलं. उजवीकडे, बाणांच्या बटणांच्या वर. डिलीटचं बटण.

मोरीची जाळी काढली. परात झटकली. फ्यूजने पॅन्टचे खिसे उलटे केले, वहिनीने निऱ्या झटकल्या. थोरला मोरीत कोपरापर्यंत हात घालून बसला आणि म्हणाला, "बघ. हेच म्हणतो मी. एक बटण गेलं की काय सांगणार कचेरीला? कोण उभं राहणार? अण्णा?"

 पक्कड खोलीभर बघत होती. काहीतरी चुकत होतं आणि ते बटणाचं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, की मघापासून खोलीत टकटक ऐकू येत नाहीये. मिस्त्रींचा उजवा हात खुर्चीच्या हातावर गपचूप पडला होता. मूठ घट्ट मिटलेली.

"अण्णा, मूठ उघडा."

मिस्त्रींनी उघडली. बटण तळहातावर होतं आणि हात पुन्हा थरथरायला लागला.

"अण्णा!" वहिनी ओरडली. "दहा मिनिटं मोरीत हात घालून बसलेत हे!"

"बघत होतो," मिस्त्री म्हणाले. "शेवटचं मोजते की नाही ते."

पक्कडने बटण बसवलं. टक्. "बघून झालं?"

"झालं."

आता राहिली ती परीक्षा. कीबोर्डला पक्कड आठ दिवस लावत नसे. आतल्या कॉम्प्युटरला जोडून लिहिलेलं एक पान पुरे. पण ते पान खरं हवं. नुसती बोटं आपटली तर बोटं थापा मारतात, असं तिचं म्हणणं होतं. खरोखर काही सांगायचं असलं की माणूस सगळी बटणं वापरतो. म्हणून ती दर कीबोर्डवर मनातलं एक पान लिहायची आणि पुसून टाकायची. अशी बावीस वर्षांची पानं तिने लिहिली आणि पुसली होती. आज वेळ कमी होता, म्हणून प्रत्येकाला एकेक कीबोर्ड आला. पक्कडने दोन केले. वहिनीने जळलेल्या तीन मिक्सरांची हकीकत लिहिली. फ्यूजने सायकलवर लिहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ते हेअर ड्रायरवर ढकललं.

 थोरला दोन बोटांनी लिहू लागला. बटण अडकतंय का ते बघायला पक्कड मागे जाऊन उभी राहिली आणि तिने पडद्यावर वाचलं. 'अण्णा पडले तेव्हा मी तेविसाव्या मजल्यावर होतो. फोन लागत नव्हता. खाली येईपर्यंत मला चाळीस मिनिटं लागली. लिफ्ट मीच बंद केलेली होती.'

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तसलं त्या घरात कुणी करत नसे. ती म्हणाली, "स्पेसबार ठीक?"

"ठीक आहे," थोरला म्हणाला आणि सगळं पुसलं. मग खुर्ची न फिरवता म्हणाला, "काम तुझंच आहे, ते कळलं मला. पण अण्णांना मी इथे ठेवणार नाही. आणि अण्णा गेले की खाली कुणाचं दुकान, हे लोकांनाही कळायला हवं आणि मलाही."

"माझा एक राहिलाय," मिस्त्री म्हणाले. "सहावा. मला बसवा."

साडेतीनला त्यांना पडद्यासमोर बसवलं. ते आयुष्यात पहिल्यांदा टाइप करत होते. उजवा हात थरथरतो म्हणून त्यांनी डाव्या हाताची तर्जनी वापरली, आणि प्रत्येक अक्षर शोधायला खोलीभर बघितल्यासारखं बघत होते. मध्येच डिलीट दाबून बघितलं आणि खूश होऊन पुन्हा तेच लिहिलं. पाच ओळींना पंचवीस मिनिटं लागली. पावणेचारलाच कचेरीचा शिपाई जिना चढून आला आणि पाच कीबोर्ड पिशवीत भरून सहाव्याची वाट बघत दारात उभा राहिला.

"छापा," मिस्त्री म्हणाले.

छपाईचं यंत्र (ग्रंथपाल, कागद खातं) दोनदा कुरकुरलं आणि त्याने कागद दिला. मिस्त्रींनी तो थोरल्याच्या हातात ठेवला. थोरल्याने वाचला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा वाचला.

"नग, म्हातारा, एक. तक्रार, आवाज करतो, ऐकत नाही. थोरल्याकडे आठ दिवस चालवून बघणे. दुकानात बदली, पक्कड."

"म्हणजे येताय तुम्ही?" थोरल्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला. "आजच?"

"पिशवी भरलेली आहे."

"आठ दिवसच ना पण? मग दुकानाचं नंतर बोलू. आठ दिवस बसू दे तिला, काय हरकत आहे."

"काही हरकत नाही," मिस्त्री म्हणाले.

वहिनी आतून पिशवी घेऊन आली होती. ती एका हाताने उचलेना, म्हणून तिने चेन उघडून बघितलं. आत दोन स्वेटर होते, छत्री होती, उन्हाळ्याचे चार सदरे होते आणि भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो होता. तिने चेन लावली. मग एकोणीस वर्षांच्या मिक्सरकडे बघितलं, दंतवैद्याच्या पंख्याकडे बघितलं आणि शेवटी नवऱ्याकडे बघितलं. थोरला कागदाची नीट घडी घालत होता.

"काय गं, एवढं काय भरलंय त्यात?" त्याने विचारलं.

"आठ दिवसांचंच आहे," वहिनी म्हणाली आणि पिशवी स्वतः उचलून जिना उतरायला लागली. फ्यूजने आपल्या ढोपरांवरून हात फिरवला. त्याला सायकल आठवली असावी.

पक्कडने सहावा कीबोर्ड उलटा केला आणि नेहमीसारखी चिठ्ठी लिहायला घेतली. 'नोंदणी कचेरी. चहा सांडला. दुरुस्ती' एवढं लिहून तिचं पेन थांबलं. मिस्त्री दाराशी पोचले होते. एक हात थोरल्याच्या दंडावर, दुसरा आपला आपण हवेत टकटकत.

"पाटीवर जे नाव, तेच चिठ्ठीवर," ते मागे न बघता म्हणाले. "पाटी रंगवून घे. रंगारी आपल्याच घरातली शिडी घेऊन येईल. एकवीस वर्षं त्याच्याकडेच आहे."

पक्कडने आपलं नाव लिहिलं, चिठ्ठी बुडाला चिकटवली, अंगठ्याने दाबली आणि कीबोर्ड शिपायाच्या पिशवीत घातला.

"बघा हं," ती म्हणाली. "काही वाटलं तर माझ्याकडे घेऊन या."